कृष्णाकाठची आडवाट: कराड ते खिद्रापूर सायकल सहल गाड्यांपासून लांब राहून कशी आखावी

कृष्णाकाठाने सायकल चालवून आलेल्या बऱ्याच जणांकडून मी एकच तक्रार ऐकतो: नदी दिसलीच नाही, सगळा वेळ ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या चुकवण्यात गेला. खोदून विचारलं की प्रत्येकाने सहल एकाच क्रमाने आखलेली निघते. आधी रोजचे किलोमीटर ठरवले, मग मुक्काम ठरवले आणि मधला रस्ता मोबाइलवर सोपवला. मोबाइलला लवकर पोचायचं तेवढं कळतं, म्हणून तो तुम्हाला कराड–तासगाव किंवा इस्लामपूर–सांगली रस्त्यावर आणून सोडतो.

हा लेख कराड ते खिद्रापूर एवढ्याच पट्ट्यापुरता आहे. कराडच्या खाली कृष्णेचं खोरं सपाट होत जातं, नदी संथ वळणं घेते. पाणंदी (शेतांमधल्या गाडीवाटा), मळ्यांतले रस्ते आणि पाटाच्या भरावावरच्या वाटा इथे इतक्या दाट आहेत की मोठे डांबरी रस्ते बहुतेक ठिकाणी फक्त ओलांडण्यापुरते लागतात. सायकलींसाठी राखलेला मार्ग मात्र इथे नाही. पाटी नाही, बाण नाही, वाट आपली आपण जुळवायची. गाड्यांपासून लांब म्हणजे किती, याचं माझं माप असं आहे: दहा मिनिटांत दोनापेक्षा जास्त चारचाकी दिसल्या तर मी चुकीच्या रस्त्यावर आहे. मोटारसायकली, बैलगाड्या, दुधाचे कॅन लावलेल्या गाड्या असणारच, तो रस्ता मुळात त्यांचा आहे.

## १. आधी तारीख, मग बाकी सगळं

या खोऱ्यात वाट शांत आहे की नाही, हे नकाशापेक्षा महिना जास्त ठरवतो. त्यामुळे सुरुवात पंचांगापासून करा.

जून ते सप्टेंबर सरळ बाद. बंधारे पाण्याखाली असतात, पाणंदींचा चिखल होतो, नदीलगतची वाट कधी बंद होईल सांगता येत नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. अशा पुरानंतर काठच्या वाटा जागेवर राहत नाहीत. कुठे गाळ चढतो, कुठे कड तुटते, कुठे शेतकरी बांध नव्याने घालतो. म्हणून मोठ्या पुराच्या आधी कुणी नोंदवलेला मार्ग कितीही चांगला वाटला तरी तो जसाच्या तसा वापरू नका.

ऑक्टोबर फसवा. आकाश निवळलेलं असतं, हिरवाई डोळ्यांत भरते, आणि परतीचा एक पाऊस सगळं बिघडवतो. इथली काळी माती ओली झाली की चाकाला लाडवासारखी चिकटते, फोर्कमध्ये आणि मडगार्डमध्ये भरते, आणि शंभर पावलांत चाक फिरायचं थांबतं. मी एकदा अशा मातीत दोन किलोमीटरला दीड तास घालवला, त्यातला बराच वेळ सायकल खांद्यावर होती. तेव्हापासून नियम केला: शेवटच्या मोठ्या पावसानंतर कडक उन्हाचे तीन दिवस गेल्याशिवाय पाणंदीत शिरायचं नाही.

नोव्हेंबर ते मार्च हवा उत्तम, पण हाच उसाचा हंगाम. रेठरे बुद्रुक, कुंडल, वाळवा, सांगली, शिरोळ इथे साखर कारखाने आहेत. गाळप सुरू झालं की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अरुंद रस्त्यावरून अव्याहत चालू असतात. एरवी निवांत असलेला गावरस्ता त्या महिन्यांत निवांत राहत नाही.

म्हणून माझी पहिली पसंती दिवाळीच्या आगेमागे, जेव्हा पाऊस थांबलेला असतो आणि कारखान्यांची धुराडी नुकतीच पेटत असतात. दुसरी पसंती मार्चअखेर. ऊन चढलेलं असतं, पण पहाटे निघून दहा वाजता सावलीला बसायची तयारी असेल तर रस्ते रिकामे मिळतात.

ऐन हंगामातच जायची वेळ आली तर नकाशावर प्रत्येक कारखान्याभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ काढा. वर्तुळ टाळता येत असेल तर टाळा. नसेल तर सकाळी नऊच्या आत ओलांडा. तोड सकाळी चालू असते, भरलेल्या ट्रॉल्यांची रांग दुपारनंतर वाढत जाते.

तपासा: तारीख पक्की करण्याआधी पौर्णिमा आणि दत्तजयंती कधी आहे ते बघा. औदुंबर आणि नृसिंहवाडी या दोन्ही ठिकाणी त्या दिवशी मोठी गर्दी असते. रस्ता भरलेला असतो आणि खोली मिळत नाही.

सावध: नृसिंहवाडीत दक्षिणद्वार सोहळा झाल्याची बातमी वाचलीत तर पाणी मंदिरापर्यंत चढलं आहे असं समजा. खालच्या भागातले बंधारे त्या वेळी वापरता येणार नाहीत. सहल पुढे ढकला.

## २. तीर ठरवा, मग ओलांडायच्या जागा

नदीचा डावा-उजवा तीर सांगताना पुष्कळ जण चुकतात. पाणी ज्या दिशेला वाहतं त्या दिशेला तोंड करून उभं राहायचं. डाव्या हाताला डावा तीर, उजव्या हाताला उजवा.

या पट्ट्यात डाव्या तीराच्या बाजूला पुणे–मिरज रेल्वेमार्ग, कराड स्टेशन, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी आणि सांगली आहेत. उजव्या तीराला बहे, वाळवा, औदुंबर, सांगलीवाडी, आणि पुढे नृसिंहवाडी व खिद्रापूर. पुणे–बंगळूर महामार्ग उजव्या बाजूला, पश्चिमेकडे राहतो. डावा तीर धरलात तर तो महामार्ग तुम्हाला एकदाही ओलांडावा लागत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने डावाच धरावा, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

मी सुचवतो तो क्रम: कराड स्टेशनपासून भिलवडीपर्यंत डावा तीर, भिलवडीच्या पुलावरून अंकलखोप–औदुंबरला जाऊन परत डाव्या तीरावर, मग ब्रह्मनाळ, नांद्रे, कर्नाळ या बाजूने सांगली. सांगलीजवळ हरिपूरला कोथळीचा पूल ओलांडून उजव्या तीराला, आणि तिथून शेवटपर्यंत उजवाच.

कृष्णेखेरीज आणखी दोन नद्या आडव्या येतात हे नकाशा बघताना सुटतं. ब्रह्मनाळजवळ येरळा कृष्णेला मिळते, आणि नृसिंहवाडीला पंचगंगा. येरळा उन्हाळ्यात कोरडी दिसते म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. पावसाचं पाणी असताना तिच्यावरचे ठेंगणे पूल बुडतात.

आता बंधारे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ही इथल्या सायकलस्वाराची सर्वांत मोठी सोय, आणि जपून वापरायची गोष्ट. पावसाळ्यानंतर खांबांमधल्या खाचांत बर्गे (आडव्या फळ्या) बसवून पाणी अडवतात, पावसाळ्याआधी ते काढतात. वरून जाणारा अरुंद रस्ता दोन काठांना जोडतो. ट्रक तिथे येत नाहीत, त्यामुळे पुलाच्या गर्दीतून सुटका होते. नागठाणे, डिग्रज, सांगली, म्हैसाळ, राजापूर इथे कृष्णेवर असे बंधारे आहेत. पण वरचा रस्ता प्रत्येक ठिकाणी सारखा नसतो. कुठे कठडा नाही, कुठे डागडुजी चालू, कुठे दुचाकीलाही बंदी. म्हणून मार्ग आखताना बंधारा कधीच एकमेव पर्याय म्हणून धरायचा नाही. प्रत्येक बंधाऱ्यासमोर वहीत जवळच्या पक्क्या पुलाचं नाव आणि तिथपर्यंतचं अंतर लिहून ठेवा.

सावध: बंधाऱ्याच्या रस्त्यावर पाण्याचा नुसता पातळ थर असला तरी ओलांडू नका. खाली शेवाळ असतं आणि कडा दिसत नाहीत. कोरडा असला तरी उतरून, सायकल हातात धरून चालत जा. समोरून मोटारसायकल येत असेल तर ती येऊन गेल्यावर निघा, मध्यावर अंग चोरायला जागा नसते.

## ३. नकाशा कसा वाचायचा

या टप्प्याला निदान दोन संध्याकाळी द्या. मोबाइलच्या नेहमीच्या नकाशात पाणंद एक तर दिसत नाही, किंवा दिसते ती शेतातल्या विहिरीपाशी जाऊन संपते. उपग्रहचित्र उघडा आणि हा क्रम पाळा.

पहिल्यांदा रेल्वे आणि पाट ओळखा. रेल्वे सरळ जाते. पाट जमिनीच्या उताराबरोबर वळतो, पण त्याची रुंदी सारखी राहते आणि दोन्हीकडे भरावाची फिकट रेघ असते. कराडजवळ खोडशी बंधाऱ्यापासून निघालेला कृष्णा कालवा डाव्या तीराने पलूस, तासगाव तालुक्यांकडे जातो. त्याच्या भरावावरची वाट कुठे भरावाच्या एका बाजूला असते, कुठे दुसऱ्या. कुठे मुरूम टाकलेला, कुठे गवत वाढलेलं. एकसलग मिळेल अशी आशा धरू नका. तीन-चार किलोमीटरचे तुकडे मिळतात, ते गावरस्त्यांनी जोडायचे.

मग नदीलगतच्या वाटा बघा. इथे सगळे फसतात. चित्रात शेतांमधून थेट काठाकडे जाणारी ठळक वाट दिसते, मनात येतं की हिच्यावरून काठाकाठाने जाता येईल. ती वाट बहुतेक वेळा उपसा योजनेच्या जॅकवेलला (नदीतून पाणी उचलायच्या विहिरीला) किंवा मोटारीच्या खोलीला गेलेली असते आणि तिथेच संपते. शेजारच्या दोन वाटा चित्रात हाताच्या अंतरावर दिसतात, पण मध्ये ओढा असतो. नदीला मिळणारा प्रत्येक ओढा शेवटच्या काहीशे मीटरमध्ये खोल चर पाडतो. भरलेली सायकल त्यातून उतरवून चढवता येत नाही.

यावर सोपा तोडगा आहे. काठापासून एक-दोन शेतं आत राहून समांतर जा, आणि ओढा नेहमी गावरस्त्याच्या मोरीवरूनच (छोट्या पुलावरूनच) ओलांडा. नदी बघायला जॅकवेलच्या वाटेने मुद्दाम जा, बसा, त्याच वाटेने परत या.

शेवटी दर पाच-सात किलोमीटरला एका गावाचं नाव वहीत लिहा. नुसत्या रेघेवर विसंबलात तर वाट बंद झाल्यावर अडकाल. गावांची नावं हाताशी असली की पुढच्या गावाला दुसरी वाट विचारता येते.

तपासा: तुमच्या आखणीत मोठा रस्ता किती ठिकाणी ओलांडला जातो आणि किती ठिकाणी त्यावरून चालवावं लागतं, हे वेगवेगळं मोजा. ओलांडणं चालेल. चालवणं दिवसाला तीन-चार किलोमीटरहून जास्त होत असेल तर पुन्हा आखा.

## ४. सायकल: काटे, माती, वजन

बारीक टायरची रोड सायकल या वाटेला आणू नका. ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचा टायर हवा, आणि हवा डांबरी रस्त्यापेक्षा कमी. सामानासह ३८ मिलिमीटरच्या टायरला मी मागे ५० आणि पुढे ४५ पीएसआय ठेवतो. जास्त हवा भरली की मुरमावर सायकल उडते, हात आखडतात, आणि काटाही सरळ आत जातो.

काटा ही या वाटेची रोजची गोष्ट आहे. बांधावरच्या बाभळी छाटल्या की फांद्या पाणंदीच्या कडेला टाकतात, कुंपणालाही बाभळीच्याच शिऱ्या लावतात. पाटाच्या भरावावर सराटे. बाभळीचा काटा लांब असतो, टायरखालची साधी पट्टी तो पार करून जातो. सराटा आखूड असतो, पण एकावेळी दहा-पंधरा रुततात. ट्यूबमध्ये सीलंट (छिद्र आतून बुजवणारं द्रव) घालून घ्या किंवा ट्यूबलेस वापरा. त्याशिवाय जात असाल तर दोन जादा ट्यूब, दहा तरी पॅच आणि चिमटा जवळ ठेवा.

पंक्चर काढताना होणारी नेहमीची चूक: एक काटा सापडला की टायर चढवतात. आतला मोडका तुकडा पाच मिनिटांत नवी ट्यूब फाडतो. टायर पूर्ण उतरवा, आतल्या बाजूने फडकं फिरवा. फडकं अडकेल तिथे काटा आहे. पूर्ण वळसा झाल्यावर उलट दिशेने दुसरा घ्या. सीलंट असेल आणि हवा जात नसेल तर रस्त्यातच काटा उपटू नका, मुक्कामी बघा.

मडगार्ड आणि टायरमध्ये बोटभर तरी फट हवी. हातभर लांबीची चपटी काठी दांड्याला बांधून ठेवा, चिखल खरवडायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. पॅनियर (चाकाच्या बाजूला लटकवायच्या पिशव्या) मागच्या चाकालाच लावा, आणि चार दिवसांसाठी आठ-नऊ किलोंच्या वर सामान नको. बंधाऱ्याच्या पायऱ्या, बांध, पाटाची कड, या सगळ्यांवरून सायकल उचलावी लागते. भरलेली सायकल तुम्हाला एकट्याने कमरेएवढी उचलता येते का, हे घरीच करून बघा.

## ५. कराडला पोचणं

रेल्वेने आणायची असेल तर सायकल पार्सल कार्यालयात नोंदवून ब्रेक व्हॅनमध्ये (सामानाच्या डब्यात) चढवावी लागते. गाडी सुटण्याच्या दोन तास आधी तरी जा. पॅडल काढा, हँडल वळवून बांधा, पंप, दिवे, बाटल्या स्वतःजवळ ठेवा. तुमचं नाव आणि कुठून कुठे हे लिहिलेली चिठ्ठी दोन ठिकाणी घट्ट बांधा. जाण्याआधी कराडला त्या गाडीतून पार्सल उतरवतात का, हे त्याच कार्यालयात विचारून घ्या.

परतीची चूक जास्त महागात पडते. नकाशावर शेणोली, भवानीनगर, ताकारी, किर्लोस्करवाडी, आमणापूर, भिलवडी, नांद्रे अशी स्टेशनं ओळीने दिसतात, म्हणून वाटतं की कुठूनही परत फिरता येईल. माणसाला येईल. सायकल चढवायला मात्र लहान स्टेशनवर गाडी पुरेशी थांबत नाही. परतीची सायकल मिरजेहून चढवायची असं धरून चाला. मधूनच सहल सोडावी लागली तर गावात छोटा टेम्पो मिळतो, त्याने मिरज किंवा सांगली गाठा.

कराड स्टेशन शहरात नाही, ओगलेवाडीला आहे, म्हणजे नदीच्या डाव्या बाजूलाच. उतरल्यावर शहरात शिरायची गरज नाही. प्रीतिसंगम (कृष्णा-कोयनेचा संगम) बघायचा असेल तर तो आदल्या संध्याकाळी बघून घ्या, निघायच्या सकाळी नको. शहरातली ती फेरी सकाळचे सगळ्यांत चांगले दोन तास खाऊन टाकते.

## ६. दिवसांची वाटणी

पाणंदीवर, विचारत-विचारत, चहा-पंक्चर धरून ताशी १० किलोमीटर पडतात. डांबरी रस्त्यावर तुम्ही २० ने चालवत असाल, ते इथे विसरा. पहिले तीन दिवस ४५ किलोमीटरच्या आत ठेवा.

पहिला दिवस, कराड स्टेशन ते किर्लोस्करवाडी–पलूस. सगळ्यांत लांब वाटणारा दिवस, कारण वाट जुळवायची सवय अजून झालेली नसते. पाटाचे तुकडे याच भागात जास्त मिळतात. ताकारीला पोचल्यावर सागरेश्वर अभयारण्याचा डोंगर खुणावतो. तो वेगळ्या दिवसाचा विषय आहे. त्याच दिवशी चढायला गेलेले लोक अंधारात पलूसला पोचलेले मी पाहिले आहेत.

दुसरा दिवस, पलूस ते सांगली, औदुंबरमार्गे. भिलवडी स्टेशन आणि भिलवडी गाव एकाच जागी नाहीत, गाव नदीकाठी आहे. वाट विचारताना "भिलवडी गाव" असं म्हणा. औदुंबरला घाटावर दुपारची विश्रांती घ्या, पलीकडच्या काठाला भुवनेश्वरीचं देऊळ आहे. औदुंबरहून सांगलीला जायला उजव्या तीराने आष्टा–सांगली रस्ता जवळचा दिसतो, आणि थकलेली माणसं तोच धरतात. तो वाहता रस्ता आहे. भिलवडीला परत येऊन ब्रह्मनाळची बाजू धरा, अंतर थोडं वाढतं पण संध्याकाळ शांत जाते. पाय अगदीच संपले असतील तर औदुंबरलाच भक्तनिवासात थांबा.

तिसरा दिवस, सांगली ते नृसिंहवाडी. शहरातून सकाळी सातच्या आत बाहेर पडा. हरिपूर, कोथळीचा पूल, मग उमळवाडच्या बाजूने जात कोल्हापूर–सांगली रस्ता आडवा ओलांडायचा. संपूर्ण सहलीतली सर्वांत धोक्याची जागा हीच आहे. उतरून, दोन्हीकडची रांग संपेपर्यंत थांबून, चालत ओलांडा. पुढे अर्जुनवाड, घालवाड या बाजूने नृसिंहवाडी. दिवस लहान आहे, मुद्दाम लहान ठेवला आहे.

चौथा दिवस, नृसिंहवाडी ते खिद्रापूर आणि मिरज. सामान नृसिंहवाडीतच ठेवा. पंचगंगेचा पूल ओलांडून कुरुंदवाड, अकिवाट, राजापूर, खिद्रापूर, आणि त्याच वाटेने परत. रिकाम्या सायकलीने हे अंतर दुपारच्या आत होतं. खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर सकाळच्या उन्हात बघायला मिळावं म्हणून सहाला निघा. ऊन उतरल्यावर सामान घेऊन अर्जुनवाडच्या पुलावरून मिरज.

तपासा: रोज दुपारी दोन वाजता थांबून हिशेब करा. उरलेलं अंतर भागिले दहा, एवढे तास लागतील. ते सूर्यास्ताच्या पुढे जात असतील तर त्याच क्षणी डांबरी गावरस्ता धरा किंवा मुक्काम बदला. पाच वाजता घेतलेला हा निर्णय उपयोगाचा नसतो.

## ७. वाट कशी विचारायची

हा टप्पा लोक किरकोळ समजतात. माझ्या अनुभवात निम्म्या चुका इथे होतात.

"हा रस्ता पलूसला जातो का?" असं विचारू नका. उत्तर "जातो की" असंच येतं, कारण प्रत्येक रस्ता कुठून तरी पलूसला जातोच. आणि पाहुण्याला त्रास नको म्हणून माणसं आपुलकीने मोठ्या रस्त्यावर नेऊन सोडतात. तुम्ही आडवाटेने जायला मुद्दाम आला आहात, हे आधी सांगा. "मामा, डांबरी नको, मळ्यातनं सायकल जाईल अशी वाट हाय का?" एवढं म्हटलं की उत्तर बदलतं. मग विचारा, "ही वाट पुढं कुठं निघती?" आणि "मधी वढा हाय का?"

कुणाला विचारायचं हेही महत्त्वाचं. डेअरीला दूध घालायला जाणारा माणूस वर्षभर, सकाळ-संध्याकाळ त्याच वाटेने जातो. तो ज्या पाणंदीतून मोटारसायकल नेतो ती वाट नक्की चालू असते. पाटाबद्दल पाटकऱ्याला विचारा: आवर्तन (पाण्याची पाळी) सुटलं आहे का, कुठे भराव पाझरतो, कुठे वाट अडवली आहे. शाळेतली मुलं उत्साहाने सांगतात, पण त्यांची वाट पायी चालायची असते. कुंपण ओलांडून, बांधावरून जाणारी. त्यांचं ऐका आणि पुढच्या वस्तीवर पुन्हा विचारा.

वाट एखाद्याच्या अंगणातून किंवा खळ्यातून जात असेल तर उतरा, हाक द्या, "काकी, जाऊ का इकडनं?" म्हणा. अजूनपर्यंत मला कुणी नाही म्हटलेलं नाही, पण न विचारता घुसलेल्या दहा सायकलींच्या घोळक्यानंतर तिथे काटेरी फांदी आडवी पडलेली पाहिली आहे. पाटाची वाट पाटबंधारे खात्याची. फाटक किंवा मनाईची पाटी असेल तिथून मागे फिरायचं.

## ८. वाटेवर

पाट: वाहत्या पाटात हात-पाय धुवायला उतरू नका. काँक्रीटच्या उतरत्या भिंतीवर शेवाळ असतं, पाय घसरला तर चढायला पकड मिळत नाही. पोहता येणारी माणसंही यात अडकतात.

ट्रॉल्या: भरलेल्या ट्रॉलीच्या मागे राहू नका आणि शेजारून पुढेही जाऊ नका. ऊस बाहेर आलेला असतो, दुसरी ट्रॉली वळणावर आत कापते. थांबा, जाऊ द्या. समोरून आली तर पूर्ण रस्ता सोडून उतरा. रस्त्यावर पडलेल्या उसावर चाक तिरकं गेलं की घसरतं, तो काटकोनात ओलांडा.

अंधार: सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोचा. अंधारात ट्रॉल्यांचे मागचे दिवे बहुधा नसतात. कराड तालुक्यात उसाच्या फडात बिबट्याचा वावर आहे, आणि तिन्हीसांजेला फडाच्या कडेने एकटं, खाली वाकून सायकल चालवणं टाळलेलं बरं. साप तर सगळीकडे आहेत, पाणंदीतल्या गवतात थेट पाय टेकवू नका.

कुत्री: वस्तीवरचं कुत्रं अंगावर आलं तर उतरा आणि सायकल मध्ये धरून चाला. वेग वाढवला की ते मागे लागतं.

पाणी: नदीचं पिऊ नका. शिरोळ भागात क्षारपड जमीन बरीच आहे, तिथल्या काही बोअरचं पाणी मचूळ लागतं. बऱ्याच गावांत नाणं टाकून शुद्ध पाणी मिळण्याची सोय असते, दिसेल तिथे दोन्ही बाटल्या भरा. खाण्याची अडचण येत नाही, फक्त दुपारी एक ते चार लहान गावांतली दुकानं बंद सापडतात, तेवढ्यासाठी शेंगदाणे-गूळ किंवा भडंग पिशवीत हवं.

## ९. परत फिरण्याआधी

मिरजेला पार्सल कार्यालयात जाण्याआधी सायकल धुऊन घ्या. चिखलाने माखलेली सायकल बांधली की माती चेनमध्ये आणि हबमध्ये वाळते. चेन पुसून तेल द्या, टायरमध्ये उरलेले काटे आता काढा, हवा थोडी कमी करा.

आणि त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना, वहीतल्या गावांसमोर लिहा: कोणता बंधारा चालू होता, कोणती पाणंद कुठे तुटली होती, कोणत्या ओढ्यावर मोरी आहे. तारीख नक्की घाला. नोंदवलेला मार्ग दुसऱ्या कुणाला देणार असाल तर नुसती रेघ देऊ नका, या नोंदी बरोबर द्या. त्यातली एखाद्याच्या अंगणातून गेलेली वाट काढून टाका, ती तुम्हाला त्या दिवसापुरती मिळाली होती.